वृद्ध रुग्णांच्या मानसिक चाचण्या : घेण्याची रीत आणि गुणांची मर्यादा

वयोवृद्ध रुग्णाला घेऊन येणारे कुटुंबीय वैद्यासमोर बहुधा तीन तक्रारी मांडतात. ‘ध्यानात राहत नाही’, ‘एकच गोष्ट दहादा विचारतात’ आणि ‘स्वभाव बदलला’. अशा वेळी छापील प्रश्नावली पुढे ओढून गुण मांडण्याची पद्धत आता आयुर्वेद चिकित्सकांमध्येही रूढ होऊ लागली आहे. पदव्युत्तर प्रबंधांमध्ये तर या चाचण्यांचा वापर सर्रास आढळतो. ही गोष्ट स्वागतार्ह आहे. तथापि चाचणी कोणासाठी तयार झाली, ती कशी घ्यावी आणि मिळालेल्या गुणांवरून काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही, याचा विचार झाल्याखेरीज चाचणी हे साधन न राहता रुग्णावरचा शिक्का ठरते. वडीगोद्रीसारख्या गावात, जेथे साठी ओलांडलेल्या अनेक स्त्रियांनी शाळेचा उंबरठा ओलांडलेला नाही, तेथे हा धोका अधिक आहे. म्हणून या विषयाची क्रमवार मांडणी येथे करीत आहोत.

शास्त्रातील आधार

रुग्णाच्या मनाची परीक्षा ही आपल्या शास्त्राला नवी नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानातील दशविध परीक्षेत सत्त्व आणि वय या दोन्हींचा स्वतंत्र समावेश आहे. साठ वर्षांनंतरच्या काळाला चरकाचार्यांनी जीर्णावस्था म्हटले असून त्या अवस्थेत धातू, इंद्रिये व बल यांच्याबरोबरच ग्रहण, धारण, स्मरण, वचन आणि विज्ञान यांचाही क्रमाने ऱ्हास होतो, असे सांगितले आहे. यातील ग्रहण म्हणजे नवी गोष्ट आत घेणे, धारण म्हणजे ती टिकवणे आणि स्मरण म्हणजे ती हवी तेव्हा परत काढणे. आधुनिक स्मृतिचाचण्याही याच तीन पायऱ्या वेगवेगळ्या तपासतात.

उन्मादाच्या निदानात मन, बुद्धी, संज्ञाज्ञान, स्मृती, भक्ती, शील, चेष्टा आणि आचार या आठांचा विभ्रम पाहावयास सांगितला आहे. छापील चाचण्यांमध्ये यांपैकी संज्ञाज्ञान, स्मृती आणि काही अंशी बुद्धी एवढ्याच बाबी मोजल्या जातात. भक्ती, शील व आचार यांतील बदल प्रश्नावलीत उतरत नाही. तो घरच्यांकडून कळतो. म्हणून चाचणी ही परीक्षेचा एक भाग आहे, संपूर्ण परीक्षा नव्हे, हे आरंभीच ध्यानात घ्यावे.

तीस गुणांची चाचणी आणि निरक्षर रुग्ण

सर्वांत परिचित चाचणी म्हणजे ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’. फोल्स्टीन दांपत्य आणि मॅक्‌ह्यू यांनी ती १९७५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केली. एकूण गुण ३०. त्यांची वाटणी अशी : स्थळ-काळाचे भान १०, तीन शब्द ग्रहण करणे ३, अवधान व गणन ५, तेच शब्द पुन्हा आठवणे ३, भाषा ८ आणि आकृती काढणे १. साधारणतः २३ वा त्याहून कमी गुण पडल्यास स्मृतिभ्रंशाची शंका घ्यावी, असा प्रघात आहे.

आता कधीही शाळेत न गेलेल्या, परंतु बुद्धीने पूर्ण शाबूत असलेल्या एखाद्या सत्तर वर्षांच्या आजींचा विचार करू. शंभरातून सात-सात वजा करण्याचे किंवा शब्दाची अक्षरे उलट क्रमाने सांगण्याचे ५ गुण, वाचून कृती करण्याचा १, वाक्य लिहिण्याचा १ आणि पंचकोन काढण्याचा १, असे ८ गुण शाळेच्या सवयीवर अवलंबून आहेत. ते सर्व गेले आणि बाकीची सर्व उत्तरे बिनचूक आली, तरी बेरीज २२ होते. म्हणजे एकही चूक स्मृतीची नसताना आजी ‘स्मृतिभ्रंशाच्या’ रकान्यात जाऊन बसतात. येथे दोष आजींच्या मेंदूचा नसून मोजपट्टीचा आहे.

उलट बाजूही आहे. आयुष्यभर हिशेबात मुरलेला निवृत्त शिक्षक वा व्यापारी बराच ऱ्हास होऊनही २७ गुण मिळवू शकतो. घरचे म्हणतात बदल झाला, कागद म्हणतो सर्व ठीक. अशा वेळी कागदापेक्षा घरच्यांचे म्हणणे अधिक गांभीर्याने घ्यावे.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘मोका’ ही चाचणी सौम्य ऱ्हास ओळखण्यास अधिक सूक्ष्म आहे. शिक्षण बारा वर्षे वा त्याहून कमी असल्यास तीत एक गुण वाढवून दिला जातो. परंतु ज्याने पेन्सिल हातात धरलेली नाही, त्याला घड्याळाचे चित्र काढावयास सांगून एक गुण वाढवल्याने न्याय होत नाही. अल्पशिक्षितांसाठी ‘मोका बेसिक’ हा निराळा नमुना आहे, तो पाहावा. या चाचण्यांना प्रकाशन हक्क आहेत; ‘मोका’साठी प्रशिक्षणाचीही अट आहे. कोठून तरी मिळालेली छायाप्रत वापरण्यापूर्वी ही बाब तपासावी.

बल्लभगढचा धडा

निरक्षर ग्रामीण वृद्धांसाठी चाचणी कशी घडवावी, याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशात आहे. हरियाणातील बल्लभगढ परिसरात भारत-अमेरिका संयुक्त संशोधनात ‘हिंदी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ तयार झाली व १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. संशोधकांनी केवळ भाषांतर केले नाही. प्रत्येक प्रश्नातून नेमके काय मोजावयाचे आहे हे ठरवून त्याला गावातील पर्याय शोधला. अक्षरे उलट सांगण्याऐवजी वार उलट क्रमाने सांगणे, वाचून डोळे मिटण्याऐवजी तपासणाऱ्याकडे पाहून तशीच कृती करणे, वाक्य लिहिण्याऐवजी तोंडी एक वाक्य बोलणे, अशी त्याची रीत आहे. वृद्धांच्या दैनंदिन व्यवहारांची एक सोबतची प्रश्नावलीही याच प्रकल्पातून पुढे आली. नंतरच्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासात हीच हिंदी चाचणी अन्य भारतीय भाषांमधून वापरली गेली. २०१७ नंतरच्या त्या अभ्यासावरून साठ वर्षांवरील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण शेकडा सुमारे ७.४ असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला.

आपल्या भाषेत मानसिक चाचणीची परंपरा जुनी आहे. धारवाडच्या डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीचे कन्नड व मराठी रूप १९३० च्या दशकातच सिद्ध केले होते. मात्र ते बालके व तरुणांसाठी होते. मुलांसाठी बनवलेली मोजपट्टी वृद्धांना लावू नये, हे वेगळे सांगावयास नको.

येथे एक इशारा आवश्यक आहे. ‘आम्ही प्रश्न आपल्या भागानुसार बदलून घेतले’ असे काही चिकित्सक सांगतात. प्रश्न बदलले की मूळ गुणसीमा लागू राहत नाही. ज्यांच्यावर प्रमाणित मराठी रूप तपासले गेले आहे, तशाच लोकांसाठी ते वापरावे. ते उपलब्ध नसेल तर बदललेले प्रश्न अवश्य विचारावेत, पण गुण न देता उत्तरे शब्दांत नोंदवावीत. प्रामाणिक वर्णन हे चुकीच्या आकड्यापेक्षा केव्हाही बरे.

आपल्या भागातील विशेष अडचणी

अंबड तालुक्यातील वृद्धांना विचारताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

तारीख : अनेक वृद्ध स्त्रिया इंग्रजी तारीख कधीच ठेवत नव्हत्या. त्यांना वार, तिथी, एकादशी, अमावास्या आणि पावसाचे नक्षत्र विचारावे. हस्त चालू असता मृग सांगणे ही खरी चूक. सप्टेंबरची तारीख न सांगता येणे ही चूक नव्हे. ऋतू आपल्याकडे व्यवहारात तीनच आहेत.

जिल्हा : जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि त्या शहराचे नावही २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. जुना जिल्हा सांगणाऱ्या वृद्धाला थेट चूक न देता ‘हल्ली कोणता?’ असे एकदा विचारावे. इमारतीचा मजला विचारणारा प्रश्न तर एकमजली घरात निरर्थकच ठरतो.

वय : जन्मदाखला नसलेल्यांचे वय प्रसंगांवरून काढावे. सप्टेंबर १९४८ मधील निजामी राजवटीचा शेवट, १९७२ चा दुष्काळ, जायकवाडीचे धरण, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप या खुणा उपयोगी पडतात. ‘बहात्तरच्या दुष्काळात किती लेकरे होती?’ या एका प्रश्नात वय आणि जुनी स्मृती या दोन्हींचा अंदाज येतो. मात्र जुनी आठवण स्पष्ट असणे हे निरोगीपणाचे लक्षण समजू नये. स्मृतिभ्रंशात आधी आजची सकाळ जाते, बहात्तर साल बराच काळ टिकते.

हिशेब : दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. आज ऐंशीच्या पुढे असलेल्यांचे बालपण आणे, पायली आणि शेर यांच्या हिशेबात गेले. शाळेत गेलेल्यांना पावकी-निमकी पाठ असते. न गेलेल्यांना विसांच्या मोजणीत हिशेब जमतो. बाजारात शंभराची नोट दिली व पस्तीसची वस्तू घेतली तर परत किती, हा प्रश्न वजाबाकीपेक्षा अधिक सांगून जातो.

नाव : जुन्या वळणाच्या स्त्रिया पतीचे नाव उच्चारत नाहीत. ‘मालकांचे नाव काय?’ या प्रश्नावर त्या गप्प बसल्या तर ती विस्मृती नव्हे, मर्यादा आहे. तो प्रश्न टाळून माहेरचे गाव, भावंडे, नातवंडे यांची नावे विचारावीत.

भाषा : तांड्यावरील बंजारा वृद्ध व दखनी बोलणारे मुस्लिम वृद्ध यांची तपासणी शक्यतो त्यांच्या घरच्या भाषेत व्हावी. दुभाषा घेतल्यास त्याने उत्तर सुधारून सांगू नये, अशी त्याला आधी समज द्यावी.

ऊसतोड : दिवाळीनंतर अनेक घरांतील कर्ती माणसे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात व घरी वृद्ध आणि नातवंडे राहतात. या महिन्यांत वृद्ध उदास व गोंधळलेले दिसू शकतात, आणि पूर्वीची स्थिती सांगणारे कोणी सोबत नसते. निश्चित मत त्या काळात देऊ नये.

चाचणीपूर्वीची तयारी

कान आणि डोळे आधी तपासावेत. कानात मळ असलेला किंवा मोतीबिंदू पिकलेला रुग्ण चाचणीत नापास होतो व त्याचे कारण स्मृती समजली जाते. चष्मा वा श्रवणयंत्र असल्यास ते लावूनच बसवावे. पूर्वरात्री झोप झाली आहे, न्याहारी झाली आहे, लघुशंका करून आले आहेत याची खात्री करावी. सकाळची वेळ उत्तम. धुळे-सोलापूर महामार्गालगतच्या आपल्या चिकित्सालयांत रहदारीचा आवाज मोठा असतो. मागील खोली निवडावी. बाजाराच्या दिवशी, इतर रुग्णांसमोर चाचणी घेऊ नये. त्यात रुग्णाची लाज जाते आणि बाहेर बसलेले पुढचे रुग्ण उत्तरे ऐकून ठेवतात.

संमती वृद्धाची घ्यावी, केवळ मुलाची नव्हे. ‘परीक्षा’ हा शब्द टाळावा. ‘बाबा, वयानुसार ध्यान कसे आहे ते थोडे विचारतो, काही सोपे वाटेल, काही अवघड, न आले तरी बिघडत नाही’ एवढे पुरेसे असते. सुनेने वा मुलाने शेजारी बसून उत्तर पुरवू नये. त्यांच्याशी स्वतंत्र बोलावे.

चाचणीत सूचना सावकाश, स्पष्ट व ठरलेल्या शब्दांतच द्यावी. उत्तरासाठी वेळ द्यावा. वृद्धावस्थेत मंदगती स्वाभाविक आहे, विस्मृती व मंदगती एक नव्हे. मान डोलावून वा चेहऱ्याने इशारा देऊ नये. थकवा दिसल्यास थांबावे. प्रत्येक उत्तर आहे तसे लिहावे. ‘वार व तिथी बरोबर, इंग्रजी तारीख सांगता आली नाही, पूर्वीही ठेवत नसत असे सून सांगते’ ही नोंद ‘९/१०’ या नोंदीहून मोलाची आहे.

घरच्यांना विचारताना तुलना दहा वर्षांपूर्वीच्या त्याच व्यक्तीशी करण्यास सांगावे, शेजारच्या म्हाताऱ्याशी नव्हे. ऑस्ट्रेलियातील जोर्म यांची १९८९ ची नातलगांसाठीची प्रश्नावली याच तत्त्वावर उभी आहे व तिला रुग्णाच्या शिक्षणाची बाधा फारशी होत नाही. स्वयंपाकात मीठ दोनदा पडते का, औषध घेतल्याचे आठवते का, शेतातून घरी येताना वाट चुकते का, पैशाचा व्यवहार कोणाकडे गेला व का गेला, हे प्रश्न आवर्जून विचारावेत.

विस्मृती की खिन्नता?

वृद्धांतील खिन्नता अनेकदा विस्मृतीचे सोंग घेऊन येते. खिन्न रुग्ण ‘मला काही आठवत नाही हो’ असे स्वतःच सांगतो व प्रयत्न सोडतो. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा तक्रार करीत नाही, विषय टाळतो किंवा काहीतरी जुळवून सांगतो. येसावेज व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केलेली ‘जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल’ येथे उपयुक्त आहे. तिच्या लघुरूपात १५ प्रश्न असून उत्तरे ‘होय-नाही’त आहेत व पाचापेक्षा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे. झोप, भूक, अंगदुखी या तक्रारी म्हातारपणी खिन्नतेविनाही असतात, म्हणून त्या जाणीवपूर्वक वगळल्या आहेत.

मराठीतून विचारताना नकारार्थी रचना टाळावी. ‘उदास वाटत नाही ना?’ या प्रश्नाला आलेला ‘हो’ कोणत्याही बाजूने घेता येतो. शिवाय आपल्याकडे खिन्नता ‘उदास’ या शब्दात क्वचित येते. ती ‘करमत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘अंगात बळ नाही’ अशा बोलीत येते.

‘देवाने आता उचलावे’ हे वाक्य अनेक वृद्धांच्या तोंडी असते. म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. ते ऐकताच ‘स्वतः जिवाचे काही करावे असे मनात येते का?’ असे शांतपणे व स्पष्ट विचारावे. असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही, उलट बोलून मोकळे होण्यास वाव मिळतो. उत्तर होकारार्थी असल्यास त्याच दिवशी घरच्यांना विश्वासात घ्यावे, घरातील कीटकनाशके कुलुपात ठेवावयास सांगावीत, रुग्णाला एकटे ठेवू नये व मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. १४४१६ या ‘टेली-मानस’ क्रमांकावर चोवीस तास मोफत सल्ला मिळतो.

अचानक झालेला बदल

दोन-चार दिवसांत सुरू झालेला गोंधळ, जो दिवसातून कमीजास्त होतो व रात्री वाढतो, तो स्मृतिभ्रंश नव्हे. ज्वर, मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातील पाणी वा सोडियम कमी होणे, मधुमेहाच्या गोळ्यांनी साखर उतरणे, तीव्र मलावष्टंभ, डोक्याला मार, ही त्याची कारणे असू शकतात. अशा रुग्णाची चाचणी घेत बसू नये; तत्काळ रुग्णालयात पाठवावे. दीर्घकालीन विस्मृतीतही थायरॉईड, ब-१२ जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन व साखर यांच्या तपासण्या करून घ्याव्यात, कारण यांतील काही कारणे उपचाराने दूर होतात.

औषधांची पिशवी

चाचणीच्या दिवशी रुग्णाची सर्व औषधे पिशवीसह मागवावीत. झोपेच्या व चिंतेच्या गोळ्या, सर्दीवरील क्लोरफेनिरामिन, अमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सिफेनिडिल ही वृद्धांची स्मृती मंद करणारी औषधे आहेत. आपलीही औषधे या यादीबाहेर नाहीत. धत्तूरयुक्त कनकासव, पारसीक यवानी असलेले कल्प यांत याच जातीचा परिणाम करणारी द्रव्ये आहेत. सर्पगंधेने वृद्धांत खिन्नता व तंद्रा येऊ शकते. रुग्णाला मेध्य रसायन देत असतानाच दुसऱ्या हाताने स्मृती झाकणारे औषध चालू नाही ना, हे पाहावे. मात्र दुसऱ्या चिकित्सकाने दिलेले औषध परस्पर बंद करू नये; झोपेच्या गोळ्या एकाएकी तोडल्यास अपाय होतो.

औषधविक्रेते बंधूंचा वाटा येथे मोठा आहे. महिन्याची औषधे आठ दिवसांत पुन्हा मागणारा, नेहमीचे पैसे मोजताना अडखळणारा वृद्ध प्रथम त्यांनाच दिसतो. त्यांनी गल्ल्यावर चाचणी घेऊ नये, निदान सांगू नये. घरच्यांच्या कानावर घालावे व चिकित्सकाकडे पाठवावे. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारखी औषधे २०१४ पासून ‘एच-१’ अनुसूचीत आहेत. ‘नेहमीचीच गोळी आहे’ म्हणून ती चिठ्ठीविना देणे कायद्याने आणि वृद्धाच्या हितानेही वर्ज्य आहे.

गुण वाढले म्हणजे औषध लागू पडले का?

ब्राह्मी, मंडूकपर्णी वा शंखपुष्पी देऊन महिन्याने तीच चाचणी घेतली व गुण दोनतीनने वाढले, तर आनंद होणे स्वाभाविक आहे. पण तेच शब्द दुसऱ्यांदा ऐकल्याने सवयीनेही गुण वाढतात. पहिल्या दिवशीची भीती गेल्यानेही वाढतात. चष्मा आणल्यानेही वाढतात. औषधाचा गुण सिद्ध करावयाचा तर पर्यायी शब्दसूची, पुरेसे अंतर, समान परिस्थिती व तुलनागट हवा. हे नसेल तेव्हा ‘गुण वाढले’ एवढेच म्हणावे, ‘स्मृतिभ्रंश बरा झाला’ असे जाहिरातीत किंवा लेखात म्हणू नये.

दाखल्याचा मोह

सर्वांत नाजूक प्रसंग हा. जमिनीच्या खरेदीखतापूर्वी, वाटणीपूर्वी वा मृत्युपत्राच्या वेळी ‘बाबांचे डोके शाबूत आहे’ किंवा ‘नाही’ असा दाखला मागितला जातो. दहा मिनिटांच्या चाळणी चाचणीवरून असा दाखला देऊ नये. २२ गुण असलेली निरक्षर आजी आपली जमीन कोणाला द्यावयाची हे पूर्णपणे जाणू शकते, आणि २७ गुण असलेला गृहस्थ फसवला जाऊ शकतो. निर्णयक्षमता ही त्या विशिष्ट निर्णयापुरती तपासावयाची असते : व्यवहार समजला का, परिणाम कळतात का, दबावाविना इच्छा सांगता येते का. तुमच्या एका आकड्यावर वृद्धाचे घर आणि शेत अवलंबून असू शकते. छळ वा जबरदस्तीचा संशय आल्यास १४५६७ ही ज्येष्ठ नागरिकांची मदतवाहिनी आहे.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तर पदवीधराचा मानसिक आरोग्य व्यावसायिकांत समावेश आहे. हा आपल्या शास्त्राचा मान आहे व त्याच वेळी मर्यादाही आहे : अन्य वैद्यांनी चाळणी करावी, नोंद ठेवावी व निश्चित निदानासाठी पुढे पाठवावे. आपल्या भागातून जालना येथील जिल्हा रुग्णालय आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (घाटी) ही त्यासाठीची ठिकाणे आहेत. पाठवताना केवळ गुण न लिहिता शिक्षण, भाषा, कान-डोळ्यांची स्थिती, चालू औषधे, बदल केव्हापासून व घरच्यांचे निरीक्षण एवढ्या सहा गोष्टी लिहिल्या, तर पुढच्या तज्ज्ञाचे निम्मे काम झालेले असते.

निष्कर्ष रुग्णाला सांगताना ‘नापास’, ‘वेड’, ‘डोके गेले’ हे शब्द उच्चारू नयेत. ‘ध्यान थोडे कमी झाले आहे, कारण शोधू, मदत करता येईल’ असे सांगावे. वृद्ध रुग्ण आपल्यासमोर बसतो तो साऱ्या घराची काळजी वाहिलेले आयुष्य घेऊन. त्याची परीक्षा घेण्याचा अधिकार आपल्याला त्याच्या हितापुरताच मिळालेला आहे, याचे स्मरण प्रत्येक चाचणीच्या वेळी आपण ठेवावे, एवढीच सर्व वैद्यमित्रांना व औषधविक्रेत्यांना विनंती.